टीम्सवर इंटरव्ह्यू आहे, कुर्ता घालू की ब्लेझर? आणि चुड्याचं काय करू?

संगमाकाठची

नमस्कार सगळ्यांना. मी कराडची, म्हणजे सासर कराड. एमएस्सी मायक्रोबायोलॉजी झालंय, लग्नाआधी एका फूड टेस्टिंग लॅबमधे होते, लग्न ठरल्यावर ते सुटलं आणि आता पुण्याजवळच्या एका फार्मा कंपनीतून क्यूसी मायक्रोच्या, म्हणजे क्वालिटी कंट्रोलच्या मायक्रोबायोलॉजी लॅबमधल्या पोस्टसाठी फोन आला. पुढच्या बुधवारी सकाळी ११ ला टीम्सवर इंटरव्ह्यू, आधी एचआर आणि लगेच टेक्निकल, तास दीड तास धरून चला म्हणाले. मेलच्या शेवटी एक ओळ आहे की फॉर्मल पोशाखात बसावं आणि कॅमेरा पूर्ण वेळ चालू ठेवावा. अभ्यासाचं टेन्शन नाहीये तेवढं, पण ह्या एका ओळीनं डोक्याला ताप दिलाय.

माझ्याकडे काय आहे ते सांगते. एक पांढरा फॉर्मल शर्ट, त्यावर बारीक निळ्या रेघा. एक मोरपंखी कॉटनचा कुर्ता, प्लेन, स्टँड कॉलरचा. एक राणी कलरचा काठाचा ड्रेस, लग्नातला, सगळे म्हणतात तो मला फार खुलतो. आणि नणंदेचा काळा ब्लेझर, खांद्यात मला जरा मोठा होतो. नवीन घ्यायची तयारी आहे पण अगदीच गरज असेल तर, आत्ताच लग्नाचा खर्च झालाय.

दुसरं म्हणजे हातात चुडा आहे अजून. आजेसासूबाईंचं म्हणणं की सगळे सण होईपर्यंत हात मोकळे करू नकोस, आणि मला त्यांचं मन मोडायचं नाहीये. पण काल मैत्रिणीला व्हिडिओ कॉल करून बघितला तर ती म्हणाली तू बोलतीयेस त्यापेक्षा बांगड्याच जास्त ऐकू येतायत. मंगळसूत्र, टिकली ह्यांचं काय करतात लोक?

खोलीची भिंत पोपटी आहे, ऑइल पेंटची, चकाकते. उजव्या हाताला पूर्वेची खिडकी. लॅपटॉप दिरांचा आहे, त्याचा कॅमेरा साधाच. आणि हो, खाली काय घालायचं ह्यावर घरात दोन पार्ट्या पडल्यात, नवरा म्हणतो काय पण घाल, कोण बघतंय. सांगा प्लीज, आठवडाच हातात आहे.

रोजचे_पाच_इंटरव्ह्यू

आधी अभिनंदन, गॅपनंतर कॉल येणं सोपं नसतं.

मी एचआरमधे आहे, मॅन्युफॅक्चरिंगसाठीच हायरिंग करते, दिवसभर समोर चौकोनात माणसंच असतात. त्यामुळे पलीकडून काय दिसतं तेवढं सांगते. ती मेलमधली ओळ टेम्प्लेट असते, सगळ्यांना तीच जाते, प्लँट हेडच्या पोस्टला पण आणि ट्रेनीला पण. तिचा अर्थ एवढाच की घरातल्या कपड्यात, गाडीतून, लोळत वगैरे बसू नका. ब्लेझर घाला असा तिचा अर्थ अजिबात नसतो. प्लँटमधे स्वतः इंटरव्ह्यू घेणारे क्यूसीवाले निम्म्या वेळा कंपनीच्या टीशर्टवर नाहीतर शर्टवर असतात. स्टँड कॉलरचा प्लेन कुर्ता शंभर टक्के फॉर्मल आहे, आपल्याकडे ऑफिसला बायका हेच घालतात, मग इंटरव्ह्यूलाच वेगळं कशाला.

मला कपड्यांची किंमत कधीच कळत नाही स्क्रीनवर. कळतं काय, तर चुळबुळ. ओढणी घसरते, ती वर घ्यायची, परत घसरते. गळा मोठा आहे म्हणून मुलगी बोलता बोलता पाठीमागून कुर्ता ओढते. कॉलर टोचते म्हणून मान हलवत राहतो. उत्तर चांगलं चाललेलं असतं पण बघणाऱ्याचं लक्ष त्या हाताकडे जातं आणि बोलणाऱ्याचं पण. त्यामुळे ओढणी घेणार असशील तर दोन्ही खांद्यांवर पिन लाव, नाहीतर घेऊच नको.

खाली काय, ह्यावर मी तुमच्या नवऱ्याच्या पार्टीत नाही हो. पूर्ण कपडे घाला, लेगिंग सलवार पँट जे असेल ते नीट. सुरुवातीला बरेच जण ओळखपत्र कॅमेऱ्यासमोर धरायला सांगतात, ते नेमकं दुसऱ्या खोलीत असतं. चार्जर निघतो. लाईट जाते. काही कंपन्या टेक्निकलच्या आधी लॅपटॉप फिरवून खोली दाखवा म्हणतात. उठायची वेळ येतेच येते, आणि त्यावेळी मनात धाकधूक नको.

टिकली मंगळसूत्र बिनधास्त ठेव. त्यावर कोणी काही म्हणत नाही आणि म्हणूही नये.

फोकसमधे

मी व्हिडिओ शूट आणि एडिटिंग करतो, मोठं लिहिणार आहे, वेळ काढून वाचा.

मुख्य गोष्ट, कपडे आरशात बघून ठरवू नका, कॅमेऱ्यावर बघून ठरवा. डोळा आणि साधा वेबकॅम ह्यात जमीन अस्मानाचा फरक आहे. घरचे जे म्हणतात ना खुलतो, तो डोळ्याला खुलतो. तुमच्या यादीतले चारपैकी तीन पर्याय कॅमेऱ्यावर त्रास देणारे आहेत, ते का ते सांगतो.

बारीक रेघांचा शर्ट. कॅमेऱ्याच्या सेन्सरवर ठिपक्यांची जाळी असते. तुमच्या शर्टाच्या रेघा त्या जाळीएवढ्याच बारीक झाल्या की दोघांची गाठ पडते आणि शर्टावर नसलेल्याच लाटा दिसायला लागतात, श्वास घेतला तरी हलतात. ह्याला मॉरे म्हणतात, टीव्हीवर बातम्या देणाऱ्यांना म्हणूनच बारीक चौकडा घालू देत नाहीत. वर परत टीम्स तुमचं चित्र लहान करून समोरच्याच्या स्क्रीनवर एका कोपऱ्यात बसवतो, त्यात ते आणखी वाढतं. मजा म्हणजे तुमच्याकडे चित्र मोठं दिसत असेल तर तुम्हाला लाटा कदाचित दिसणारही नाहीत, समोरच्याला दिसतील.

त्यात तो पांढरा. साधा वेबकॅम अख्ख्या फ्रेममधला उजेड बघून ठरवतो की चित्र किती उजळ करायचं. छातीपर्यंतच्या फ्रेममधे शर्टाचा वाटा मोठा, तो पांढरा असला की कॅमेऱ्याला वाटतं उजेड भरपूर आहे आणि तो सगळंच खाली ओढतो. शर्ट ठीक दिसतो, चेहरा काळवंडतो. आपल्या सावळ्या, गव्हाळ रंगाला हे जास्तच जाणवतं. मग लोक फिल्टर लावतात, पावडर लावतात, अरे बाबा शर्ट बदला ना.

काळा ब्लेझर म्हणजे ह्याचंच उलट. कॅमेऱ्याला वाटतं अंधार आहे, तो उजेड वाढवतो, कपाळ आणि नाक पांढरं फटक होतं, आणि साध्या कॅमेऱ्यात काळ्या भागात मुंग्या आल्यासारखे ठिपके फिरतात. शिवाय ब्लेझरच्या कॉलरची घडी, बटण काही दिसत नाही, नुसता काळा डाग.

राणी कलर. ह्याचं कारण वेगळंय. व्हिडिओ पाठवताना डेटा वाचवायला उजेडाची माहिती प्रत्येक पिक्सेलची ठेवतात पण रंगाची दर चार पिक्सेलमागे एकदाच. एरवी डोळ्याला समजत नाही, पण लालभडक, राणी असल्या रंगांच्या कडा मात्र फुटतात, रंग बाहेर सांडल्यासारखा दिसतो. आणि कापडाला चकाकी असेल तर खिडकीचा उजेड त्यावर पडून हनुवटीखाली गुलाबी छटा येते.

राहिला मोरपंखी. तो घाला. मध्यम गडद, प्लेन, चकाकी नाही, आपल्या त्वचेपासून चांगला वेगळा दिसतो. वाइन, मरून, मेंदी, निळ्यात नेव्ही सोडून कुठलाही, हे सगळे चालले असते.

पण मोरपंखी आणि मागे पोपटी भिंत हे जमणार नाही. एक तर दोन्ही एकाच घराण्यातले, त्यात ऑइल पेंटचा हिरवा उजेड चेहऱ्यावर उडतो आणि कॅमेरा तो हिरवेपणा घालवायला म्हणून सगळ्यालाच जांभळट करतो. तुम्ही टेबलच फिरवा. खिडकी उजवीकडे न ठेवता समोर घ्या, म्हणजे लॅपटॉपच्या मागे खिडकी आणि तुमचं तोंड खिडकीकडे. थेट ऊन येत असेल तर पांढरा पातळ पडदा नाहीतर जुनं धोतर सोडा. मग तुमच्या मागे काय येतं ते सांगा, त्यावर पुढचं.

बॅकग्राउंड ब्लर शक्यतो टाळा. कानातले, मोकळे केस, हातवारे करताना बोटं, सगळ्याच्या कडा खातो तो. झूमवर असाल तर 'ग्रीन स्क्रीन आहे' ह्या खुणेला हात लावू नका, हिरवट कपडा असेल तर अंगच गायब होईल.

स्पष्ट_बोलतो

सगळ्यांबद्दल आदर आहे पण एवढं सगळं कपड्यांवर? ती मुलगी एमएस्सी आहे, अनुभव आहे, तिनं मीडिया प्रेपरेशन (जंतू वाढवायचं खाद्य बनवणं), एन्व्हायर्नमेंटल मॉनिटरिंग (हवेतले, पृष्ठभागावरचे जंतू तपासणं) असले कामाचे विषय वाचावं का कुठला रंग फुटतो ते बघत बसावं. ज्या कंपनीला शर्टाच्या रेघांवरून माणूस नको असेल तिथं कामच करू नये. आपण गावाकडच्या पोरांच्या डोक्यात उगाच न्यूनगंड घालतो, अमुक घाल, तमुक काढ. माझ्या गावातली पोरं ब्लेझर भाड्यानं आणून बसतात इंटरव्ह्यूला, मला वाईट वाटतं बघून.

फोकसमधे

तुमची तळमळ पटते दादा. भाड्याचे ब्लेझर आणू नका हेच तर म्हणतोय मी पण. जो कुर्ता घरात आहे तोच घाला, फक्त टेबल फिरवा, ह्याला खर्च शून्य आणि वेळ अर्धा तास. आणि हे रंगांचं रेघांचं कंपनीला आवडण्यासाठी नाहीच. समोरच्याला तिचा चेहरा नीट दिसावा, तिचं बोलणं नीट ऐकू यावं ह्यासाठी आहे. समोरासमोर बसल्यावर ते आपोआप होतं, इथे मधे एक स्वस्त कॅमेरा बसलाय.

लॅबकोट

मी स्टेराइल, म्हणजे निर्जंतुक औषधांच्या प्लँटमधे क्यूसी मायक्रोलाच आहे, इंटरव्ह्यू पॅनलवर बसायची वेळ येते अधूनमधून, त्यामुळे ह्या धाग्यावर लिहिल्याशिवाय राहवेना.

चुड्याचा प्रश्न तू आवाजापुरता विचारलास, पण तुझ्या पोस्टसाठी तो खरं तर टेक्निकल प्रश्न आहे. क्लीनरूममधे, म्हणजे जिथं हवेतले कण आणि जंतू मोजून कमी ठेवतात त्या खोलीत, दागिने, घड्याळ, मेकअप, मोबाईल काहीही नेता येत नाही. युरोपच्या जीएमपीचं (औषधं बनवायच्या नियमांचं) अनेक्स १, म्हणजे निर्जंतुक औषधांवरचं प्रकरण, नव्यानं आलं २०२२ मधे आणि २०२३ च्या ऑगस्टपासून लागू झालं, त्यात हे स्पष्ट लिहिलंय. एक्स्पोर्ट करणारा प्लँट असेल तर हमखास ह्यावरून विचारतात. कारण तुला माहितीच आहे, माणसाच्या अंगावरून सतत कण आणि जंतू सांडत असतात, त्यात बांगडीखाली, अंगठीखाली हाताला लावलेलं सॅनिटायझर पोचत नाही आणि ग्लोव्ह फाटायची भीती वेगळीच.

आता तू हातभर चुडा घालून बसलीस तर तुला कोणी वाईट समजणार नाही. पण पॅनलवरचा एखादा नक्की विचारेल, मॅडम एरियात जाताना ह्याचं काय करणार. मी विचारीन. ह्यात टोमणा नसतो, कामाचाच प्रश्न असतो, कारण आमच्याकडे नवीन लग्न झालेल्या मुली दरवर्षी येतात आणि पहिल्याच आठवड्यात हा प्रसंग येतो. तर तुझं उत्तर तयार ठेव. सरळ सांग की चेंजरूममधे सगळं उतरवून लॉकरला ठेवणार, घरी बोलणं झालंय. हे उत्तर देताना 'घरी बोलणं झालंय' हे खरं पाहिजे हां. त्यामुळे आजेसासूबाईंशी इंटरव्ह्यूच्या आधीच बस आणि बोल, नोकरी लागल्यावर नको. त्यांना क्लीनरूम कळणार नाही कदाचित, पण इंजेक्शन बनतं तिथं, पेशंटच्या थेट रक्तात जाणार ते, म्हणून हात मोकळे लागतात, एवढं नक्की कळेल. आमच्या एका सहकारी मुलीच्या सासूनं हे ऐकल्यावर स्वतःच बांगड्या उतरवून देव्हाऱ्यात ठेवल्या होत्या.

नेलपॉलिश काढ, नखं काप. हातवारे करताना दिसतात आणि आमची नजर तिथंच जाते, सवय आहे.

चांगल्या कपड्यांनी आत्मविश्वास वाढतो, डोकं चालतं असं बरेच जण म्हणतात, म्हणून जाता जाता. २०१२ मधे अ‍ॅडम आणि गॅलिन्स्की ह्यांचा एक अभ्यास आला होता की पांढरा लॅबकोट घातला तर माणसं लक्ष देण्याच्या चाचणीत कमी चुका करतात. फार गाजला. नंतर २०१९ मधे दुसऱ्या टीमनं त्यातला एक प्रयोग जसाच्या तसा करून बघितला तर तो परिणाम मिळालाच नाही. त्यामुळे चांगला कपडा घातला की उत्तरं आपोआप सुचतील ह्यावर मी भरोसा ठेवणार नाही. आपल्या क्षेत्रात प्रयोग परत करून जमला नाही तर आपण औषधाची बॅच बाहेर सोडत नाही ना.

सुईदोरा

मी इचलकरंजीची, शिवणकाम करते, ब्लाउज ड्रेस अल्टर सगळं. रंगाचं झालं, आता कापडाचं आणि मापाचं ऐक बाळा.

तू कुर्ता उभी राहून घालून बघणार, आणि इंटरव्ह्यू देणार बसून. बसल्यावर कुर्ता मांडीवर अडकतो, पोटावर गोळा होतो आणि स्टँड कॉलर गळ्यापाशी वर चढते. म्हणून खुर्चीत बसून, दोन्ही हात टेबलावर ठेवून बघ. बसायच्या आधी मागचा पल्ला दोन्ही हातांनी बाजूला सरकव, म्हणजे त्याच्यावर बसायचं नाही, मग मान ओढली जात नाही. ब्लेझरचं मात्र उलटं असतं, त्याचा मागचा भाग खाली ओढून त्यावर बसायचं, म्हणजे कॉलर मानेवर चढत नाही. पण नणंदेचा ब्लेझर घालूच नको, मोठा खांदा असला आणि हात कीबोर्डवर गेले की पॅड कानाला लागतात, माणूस आक्रसल्यासारखा दिसतो.

कुर्ता कॉटनचा आहे ना, मग खळ घालू नको. कडक इस्त्री हवी पण खळीचं कापड हललं की कुरकुर वाजतं आणि ते माईकमधे जातं. रात्री थोडं पाणी शिंपडून गुंडाळून ठेव आणि सकाळी इस्त्री मार, कॉलरला आतल्या बाजूनं आधी. कॉलर वाकत असेल तर आत पातळ कॅनव्हास चिकटवून दे कुठल्याही टेलरला, दहा मिनिटाचं काम आहे. कुर्ता अंगात ढगळ असेल तर नवीन शिवायची गरज नाही, पाठीमागून दोन पिना लाव, समोरून चापूनचोपून बसतो, पाठ कोण बघत नाही. फक्त उठशील तेव्हा पाठ दाखवू नको!

बाकी कोणी वाचत असेल त्यांच्यासाठी. खणाचे कुर्ते आत्ता सगळ्या पोरी घालतात, दिसतात पण सुंदर, पण त्याची बुट्टी फार बारीक असते, वर त्या दादांनी रेघांचं सांगितलं तसंच तिचं होणार. इरकलीचा बारीक चौकडा पण तसाच. साधा कॉटन, लिनन, खादी चांगली. साटीन, टिश्यू, क्रेप नको, चमकतं नाहीतर घसरतं. साडी नेसायची असेल तर कॉटनची नेसा, पदराच्या बारीक प्लेट घालून पिन करा, मोकळा पदर हातावर घेतला की दीड तास तोच सांभाळत बसाल.

मधलाच_एक

भावांनो मुलांसाठी पण सांगा कोणीतरी. मला ह्याच महिन्यात आहे, सपोर्ट इंजिनियरची पोस्ट, माझ्याकडे फिकट निळा प्लेन शर्ट आहे. टाय लावू का? आणि दाढी?

रोजचे_पाच_इंटरव्ह्यू

फिकट निळा मस्त. टाय नको, वरचं एक बटण उघडं ठेव, पण आतला बनियन गळ्यातून दिसता कामा नये, व्ही गळ्याचा घाल. दाढी ठेव, कडा नीट कर. शर्ट इन कर आणि पँट घाल, वर त्यांना सांगितलं ते तुलाही लागू. गळ्यात कॉलेजच्या ओळखपत्राची दोरी घालून बसतात काही मुलं, ती काढ.

ऱ्हाइनकाठचा

जर्मनीतून लिहितोय. एक मुद्दा कोणी काढला नाही म्हणून. बाहेरच्या देशातल्या कंपनीचा इंटरव्ह्यू असेल तर कपडे दिवसाच्या उजेडात बघून ठरवू नका. इथे दुपारी २ ची वेळ दिली की भारतात उन्हाळ्यात साडेपाच आणि हिवाळ्यात साडेसहा वाजलेले असतात. म्हणजे डिसेंबरात तुमच्याकडे अंधार आणि ट्यूबलाईट. ट्यूबखाली मोरपंखी काळपट दिसू शकतो, फिकट रंग जास्त बरे पडतात. भारतात वीज ५० हर्ट्झची, आणि कॅमेरा ६० वर लावलेला असेल तर ट्यूबच्या उजेडात चित्रावर आडवे पट्टे सरकतात, कॅमेऱ्याच्या सेटिंगमधे ५० करून घ्या.

टिकलीबद्दल इथल्या मुली कायम विचारतात. माझ्या टीममधे जर्मन लोक आहेत, त्यांना टिकलीचं काही वाटत नाही. त्यांना वेळेचं वाटतं. अकरा म्हणजे अकराला पाच कमी असताना कपडे घालून, केस विंचरून लॉग इन.

संगमाकाठची

किती लिहिलंत सगळ्यांनी, मनापासून आभार. आज दुपारी बसून सगळं करून बघितलं.

फोकसदादा, टेबल फिरवलं. आता मागे लोखंडी कपाट येतं आणि त्याच्या दाराला पूर्ण उंचीचा आरसा आहे, त्यात लॅपटॉप, खिडकी, वाळत घातलेले कपडे सगळं दिसतंय. त्यावर चादर टाकू का? आमच्याकडे फिक्या बदामी रंगाची प्लेन आहे.

मोरपंखी कुर्ता घालून आणि रेघांचा शर्ट घालून दोन्ही रेकॉर्ड केलं, लॅपटॉपवर दोन्ही सारखेच वाटले मला. मग नवऱ्याच्या मोबाईलवरून त्याच मीटिंगला जॉइन झाले आणि तिथं बघितलं तर शर्ट खरंच झुळझुळत होता, पाण्यात हलतो तसा. तो बाद.

लॅबकोट ताई, तुमचं वाचून आजेसासूबाईंपाशी बसले. आधी त्या गप्पच बसल्या. मग विचारलं, डॉक्टरीणबाई ऑपरेशनला बांगड्या घालतात का गं. मी म्हटलं नाही. मग म्हणाल्या कामावर काढ, पण घरी आलीस की घाल, आणि इंटरव्ह्यूला दोन्ही हातात एकेक तरी हिरवी राहू दे, अगदी ओकेबोके हात नकोत. मला हे पटलं. एकेक चालेल ना?

अजून एक. दिरांकडे वायरचा इयरफोन आहे, त्याचा माईक वायरवरच असतो तो. तो लावून बोलले तर मधे मधे खरखर येते, कुर्त्याला माईक घासतोय का मंगळसूत्राला ते कळत नाहीये.

लॅबकोट

एकेक उत्तम. बांगडी वाजते ती दुसऱ्या बांगडीवर, एकटी असली की फक्त टेबलावर आपटते, मनगटाखाली नॅपकिनची घडी ठेव. आणि आजींना माझा नमस्कार सांग, ऑपरेशनचं उदाहरण पॅनलसमोर तूच दे, ह्याहून चांगलं उत्तर मी पण दिलं नसतं.

सुईदोरा

चादर टाकशील ती इस्त्री करून, घडीच्या खुणा कॅमेऱ्यात उठून दिसतात. कपाटाच्या वरून आत दाबून घे नाहीतर मधेच सटकेल, वर दोन जड डबे ठेव.

फोकसमधे

बदामी चादर चांगली, मोरपंखी त्यावर सुटा दिसेल. कपाटापासून दोन तीन फूट पुढे बसा, चिकटून नको, नाहीतर मागे सावली पडते.

मोबाईलवरून जॉइन होऊन बघितलंत हे सगळ्यात भारी केलंत. हेच परत एकदा सकाळी ११ च्या सुमारास करा, दुपारचा उजेड वेगळा. आणि त्यात अजून एक गोष्ट दिसेल, तुमच्या स्वतःच्या चौकोनात तुम्ही आरशासारख्या उलट्या दिसता, समोरच्याला सरळ. केसांचा भांग, एका खांद्यावरची ओढणी, ब्रोच, हे मोबाईलवर बघूनच ठरवा.

इयरफोनच्या माईकचं. तो वायरवर हनुवटीच्या खाली लोंबतो, बरोबर वाट्यांच्या आणि कॉलरच्या मधे, त्यामुळे मान वळली की दोन्हीवर घासतो. मंगळसूत्र कुर्त्याच्या आत घाला म्हणजे धातूचा आवाज बंद. मग माईकच्या खाली दोन बोटं सोडून वायर कुर्त्याच्या कडेला छोट्या क्लिपनं अडकवा, माईक कापडापासून सुटा राहिला पाहिजे, तोंडाच्या थोडा बाजूला. एवढं करून पण खरखर राहिली तर इयरफोन नुसता ऐकायला ठेवा आणि टीम्सच्या डिव्हाइस सेटिंगमधे माईक लॅपटॉपचा निवडा. तसं केलंत तर मात्र खोलीतला पंखा बंद ठेवावा लागेल, म्हणून कुर्ता कॉटनचाच बरा.

संगमाकाठची

मंगळसूत्र आत घातलं, वायर क्लिपनं लावली, खरखर गेली. पंखा चालू ठेवून पण नीट ऐकू येतंय असं मैत्रीण म्हणाली. उद्या सकाळी ११ ला चादर लावून परत एक ट्रायल घेते आणि मग अनेक्स १ काढून बसते.